सुई टेकवताना

नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात कापायला लागले आणि त्यांनी रेकॉर्ड लावणं सोडून दिलं. त्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर सुईचा दांडा वर-खाली करायचा एक खटका आहे, पण तो बिघडला होता. दाबला की दांडा धप्पकन रेकॉर्डवर आदळे, म्हणून सुई हातानेच टेकवावी लागे.

"मी लावून देऊ का?" असं विचारलं, की ते म्हणत, "राहू दे, मूड नाही." मग घरभर येरझाऱ्या घालत. मीही उगाचच आवरलेली कपाटं पुन्हा आवरत बसे.

शेवटी एका रविवारी मी तो खटका उघडला. दांड्याला सावकाश खाली आणणारं आतलं दाट तेल पार वाळून गेलं होतं. सगळं पुसून नवं तेल घातलं. नाना शेजारी उभे राहून सारखे विचारत होते, "झालं का गं?"

झाल्यावर त्यांनी उचललेला दांडा रेकॉर्डवर आणला आणि खटक्यावर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं. माझा हात आपोआप पुढे गेला, तो मी कसाबसा मागे घेतला. आपल्या माणसाची धडपड नुसती बघत राहणं किती जड जातं! मायेच्या अंगात धीर म्हणून नसतोच.

दांडा अलगद खाली आला. थोडी खरखर झाली आणि सनई सुरू झाली. नानांनी डोळे मिटले.

"आवाज बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"आहे. आता तू जा," ते म्हणाले. "दुसरी बाजू माझी मी लावीन."