कवटीच्या कार्डामुळे बोरिवली ते मुलुंड

लोकलमध्ये न शिरता बोरिवलीहून मुलुंडला कसं जायचं, असं तुमच्यापैकी पुष्कळजण विचारतात. आम्ही परवाच जाऊन आलो. कारण मात्र जरा वेगळं होतं. बाबा जिवंत आहेत, हे कुमुद आत्याला दाखवायचं होतं.

बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन. सध्या त्यांना आदिमानवाचं वेड लागलंय. जमिनीत सापडलेल्या कवट्या, जबडे, मांडीची हाडं, जे छायाचित्र मिळेल ते बघून ग्रीटिंग कार्डं काढत बसतात. शेजारच्या लग्नातसुद्धा जोडीने दोन कवट्या दिल्या. आत्याशी त्यांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं, कारण तिच्या मुलाच्या, नितीनच्या वास्तुशांतीला बाबांनी अख्ख्या भजनी मंडळासमोर तिचं खरं वय सांगितलं होतं. यंदा तिच्या वाढदिवसाला त्यांनी कार्ड पाठवलं. खाली नाव नाही ("चित्र बघून ओळखेल की!") आणि पाकिटावर पत्ता माझ्या अक्षरात, म्हणजे आपण आधी वाकलो असं दिसायला नको.

आत्याने पाकीट उघडलं. अक्षर भाचीचं, आत कवटी, हळदकुंकवाचं बोट कुठे नाही. आमच्याकडे मयताचं पत्र फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. तिने आतलं न वाचताच कार्ड फाडलं, दाराबाहेरच्या डब्यात टाकलं, डोक्यावरून आंघोळ केली आणि रडत बसली.

नितीनचा फोन आला तेव्हा बाबा पोहे खात होते.

"ताई, मामा... आहेत ना गं?"

बाबांनी फोन ओढून घेतला. "कुमे, मी जिवंत आहे!"

पलीकडून आत्याचा आवाज आला, "नित्या, ठेव तो फोन. हल्ली गेलेल्या माणसाचा आवाज काढून देतात, पेपरात आलंय."

व्हिडिओ कॉल केला, तर म्हणाली, "तोंडपण काढून देतात."

मग काय, निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोनदा दाढी केली.

आता रस्ता नीट वाचा. राष्ट्रीय उद्यान स्टेशनवरून मेट्रो पकडायची आणि गुंदवलीला उतरायचं. तिथून पुलावरूनच दुसऱ्या मेट्रोच्या स्टेशनात जाता येतं, ती थेट घाटकोपरला सोडते. दोन्ही मिळून माणशी साठ-सत्तर रुपये आणि एसी फुकट. घाटकोपरला बाबांना भूक लागली. "जिवंत माणसाला लागते," म्हणाले आणि खाऊगल्लीत उभ्याउभ्या चीज डोसा खाल्ला. त्यातला अर्धाही मला न देता. पुढे रिक्षा, साधारण दोनशे रुपये. एलबीएस रोडला खोदकाम चालू असतं, पाठीला उशी घ्या.

"काका, कुणाकडे कार्य आहे काय?" रिक्षावाल्याने शर्टाकडे बघून विचारलं.

"मी गेलोय, तिकडेच चाललोय," बाबा म्हणाले. त्यानंतर भांडुप संपेपर्यंत रिक्षावाला आरशात बघत होता.

आत्याने दार उघडलं आणि बाबांच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"आई गं! कुमे!"

"आहेस होय! सकाळपासून रडतेय मी, दादा. कुणी भरून द्यायचं ते?"

मला एकदम भरून आलं. बाबांनाही आलं असणार, पण ते भलतंच बोलले. "फाडलंस? चार दिवस खपत होतो मी."

आणि डब्यात हात घातला. चहाच्या चोथ्यातून तुकडे निघाले. ते हॉलमध्ये वर्तमानपत्रावर मांडून आम्ही चौघं उकिडवे बसलो. "संशोधक असंच जुळवतात," बाबा म्हणाले. नितीन सेलोटेप कापून देत होता. आत्या दोन मिनिटांत तरबेज झाली. "अरे, हनुवटी तिकडे. दात उलटे लावलेस," असं ती बाबांनाच शिकवायला लागली.

कवटी उभी राहिली. मग कार्ड उलटून आत्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "हिचं वय वीस लाख वर्षं. हिच्यापुढे तू कुक्कुलं बाळ." खाली भोक होतं. तेवढा तुकडा काही सापडला नव्हता.

"इथे काय लिहिलं होतंस?"

"काही नाही."

"दादा, बोल."

बाबांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "चुकलं माझं, असं होतं."

आत्याने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि नितीनला ताटं घ्यायला सांगितली. जेवताना तिने बाबांचं वय भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, पाच वर्षं वाढवून. बाबांनी चक्क आणखी भात मागून घेतला.

परतीचा रस्ता तोच, पण संध्याकाळी गुंदवलीला फार गर्दी असते, लवकर निघा. घरी पोचल्यावर चहा ठेवताना मला राहवलं नाही. विचारलं, "बाबा, त्या तुकड्यावर खरंच तसं लिहिलं होतं?"

"छे गं," बाबा बूट काढत म्हणाले. "तिथे चित्राची स्केल लिहिली होती. एकास दोन."