शिवण्णाच्या हातचा चाकू

सोलापुरात एका चाकूपायी चपलांचे तीन जोड झिजवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका आमच्या हिचा सख्खा काका निघाला. लग्नात मुलीकडून भांडीकुंडी येतात, फार तर एखादं घड्याळ येतं. मला हे काका आले. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं पहिली दोन वर्षं मी मनाला बजावत होतो. पुढे बजावायची गरज उरली नाही, कारण तोवर दर रविवारी मीच त्यांच्या सायकलमागे सायकल हाणायला लागलो होतो.

काका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाकडे वळतात, हे रानाकडे वळले. खाकी अर्धी विजार, डोक्याला पंचा, खांद्याला पिशवी आणि कमरेला चाकू, अशा अवतारात ते अक्कलकोट रस्त्याने निघाले की ओळखीची माणसंही जरा कडेने जात. दिसेल त्या बांधावरच्या गावठी बोरीवर ते चांगल्या जातीच्या बोराचा डोळा भरून यायचे, म्हणजे फांदीची साल चिरून त्यात दुसऱ्या झाडाचा कोंब बसवायचे. मालकाला विचारायची पद्धत त्यांच्यात नव्हती. एका वर्षी अशाच एका बोरीला अचानक गोड बोरं लागली, तेव्हा त्या शेतातल्या बाईने झाडाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. काका देव मानत नसत. पण योगायोगाने तिथे उभे होते म्हणून त्यांनी खोबरं मात्र घेतलं, आणि वर मला सांगितलं, "जावईबापू, श्रद्धा खोटी असली तरी खोबरं खरं असतंय की."

देव न मानणं हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग होता. मांजर आडवं गेलं तर ते सायकल वळवून परत मांजराच्या वाटेत जाऊन थांबत आणि त्याला दुसऱ्यांदा आडवं जायची संधी देत. सायकल त्यांनी मुद्दाम अमावास्येला घेतली. तिची चेन दर दोन मैलांनी पडायची, पण त्याला अमावास्या नव्हे, दुकानदार जबाबदार होता. आणि याच हट्टापायी त्यांनी आपला चाकूही घालवला आणि मित्रही.

मित्र म्हणजे शिवण्णा लोहार. वीस वर्षांचा रानातला सोबती. हा मनुष्य आठवडाभर भात्यापुढे बसून कुऱ्हाडी-खुरपी करायचा आणि रविवारी काकांबरोबर भटकायचा. काकांचा चाकू त्यानेच ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून घडवला होता. त्या चाकूने बोरीचा डोळा भरता येई, ज्वारीचं कणीस छाटता येई, ऊस सोलता येई आणि मागच्या दातऱ्यांनी बाभळीची फांदी कापता येई. आता आपल्याकडे चाकू कुणाच्या हातात देत नाहीत. खाली ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा. नाही तर भांडण होतं म्हणतात. एका माघात हुरडा खायला बसलो असताना शिवण्णाने चाकू मागितला. काकांनी तो खाली न ठेवता त्याच्या हातातच कोंबला आणि म्हणाले, बघू या कसं भांडण होतंय ते.

पाव तासात झालं. शिवण्णाने धारेवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाला की ह्याच्यानं पत्र्याचे डबे उघडलेले दिसतात. काकांनी ते उघडलेच होते. पण चूक कबूल करण्याऐवजी ते म्हणाले, पाणीच कच्चं दिलंस त्याला काय करायचं. लोखंड तापवून पाण्यात बुडवतात आणि धार कडक करतात, त्याला पाणी देणं म्हणतात. लोहाराला पाणी कच्चं म्हणणं म्हणजे सुगरणीला तिच्या घरी जेवून स्वयंपाक अळणी म्हणण्यासारखं. शिवण्णा उठला. "मास्तर, मग चांगल्या पान्याचा लोहार बगा," म्हणाला, आणि चाकू घेऊन सहा मैल चालत घरी गेला.

यानंतर काकांची मोठी पंचाईत झाली. समेट करावा, तर चाकू हातात दिल्यानेच भांडण झालं हे मान्य केल्यासारखं होणार, आणि न करावा तर रविवार जाता जात नाही. तेव्हा त्यांनी तिसराच मार्ग काढला. जगात शिवण्णाशिवायही चाकू करणारी माणसं आहेत, हे सिद्ध करायचं ठरवलं. "रानात माणसाला दोनच गोष्टी लागतात," ते मला समजावत, "चांगला चाकू आणि चांगला सोबती. चाकू फारच चांगला असला तर सोबती नसला तरी चालतंय." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नसत. मी तर तेव्हा दर रविवारी त्यांच्या शेजारीच असायचो, म्हणजे मी त्यांच्या हिशेबात सोबत्यात धरला जात नव्हतो हे उघड होतं.

मग सुरू झाली शोधयात्रा. नवी पेठेतल्या दुकानदाराने भाजी चिरायच्या सुऱ्या काढून दाखवल्या, तेव्हा काकांनी त्याला रानात भाजी चिरून मिळते का असं विचारलं. मागच्या गल्लीत अडकित्ते करणारा एक शांत कारागीर होता. त्याला काकांनी ड्रॉइंग काढून दिलं, आणि ड्रॉइंग मास्तरच ते, वरून, समोरून आणि बाजूने अशा तीन अंगांनी काढलं. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो तर त्या भल्या माणसाने तीन वस्तू करून ठेवल्या होत्या. समोरून दिसणारा चाकू ठीक होता, पण दातऱ्या विसरला होता. वरून दिसणारी एक लोखंडी पट्टी होती. बाजूने दिसणारा नुसता खिळा होता. कागदाबरहुकूम केलंय, मास्तर, असं तो म्हणाला आणि ते शंभर टक्के खरं होतं. काकांनी तिन्ही घेतल्या. खिळ्यावर आमची ही अजून कॅलेंडर टांगते.

एका गिरणीतल्या फिटरने केलेला चाकू इतका जड झाला की तो कमरेला लावल्यावर काका डावीकडे झुकून चालत. मी दबकत एकदा म्हणालो की शिवण्णाकडे मी जाऊन येतो. त्यावर काका म्हणाले, "त्याचं नाव काढायचं नाही." आणि मग त्यांनीच पुढचा तासभर त्याचं नाव काढलं, की असल्या जडपणावर तो काय बोलला असता, मूठ त्याने कशी घासली असती. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार मला कळत होता, पण जावयाने बोलायचं किती, यालाही मर्यादा असते.

आश्विनात एकदा ते म्हणाले, अक्कलकोट रस्त्याला घिसाड्यांचा तळ पडलाय, चला. हे गावोगाव फिरून लोखंडकाम करणारे लोक. ऐरणीवर नवरा लोखंड धरतो आणि घण बायको मारते. आम्ही पोचलो तर भाता गार. ऐरणीला झेंडूची माळ, घणाला कुंकू. त्या दिवशी खंडेनवमी होती, सगळी हत्यारं धुऊन पुजायचा दिवस, आणि काकांना असले दिवस लक्षात ठेवायचेच नसत. "आज घण उचलत न्हाय आमी," ती बाई म्हणाली, पण रिकामीच होती म्हणून तिने बसवून घेतलं. काकांनी तिला चाकूचं सगळं वर्णन सांगितलं, दातऱ्यांसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आदीचा कुणी केलता?

"होता एक," काका म्हणाले.

"त्याचा हात कसा हाय?"

काका हट्टी होते, पण खोटं बोलत नसत. ऐरणीकडे बघून ते म्हणाले, "तसा हात जिल्ह्यात नाही."

"मग हितं कशाला आलाव?"

काकांनी उठून सायकल वळवली. परत येताना चेन दोनदा पडली, तीही त्यांनी दुकानदाराला दोष न देता बसवली. शहरात शिरल्यावर मात्र ते घराकडे न वळता दुसरीकडे वळले, आणि मी न विचारता मागे गेलो.

शिवण्णाच्या लोहारशाळेत सगळी हत्यारं ओळीने मांडलेली होती. हातोडे, सांडस, कानशी, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आणि ओळीच्या शेवटी काकांचा चाकू. त्याला शिसवीची नवी मूठ होती. शिवण्णा दारात आला. त्याने आम्हाला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. "पानी परत दिलंय," चाकूकडे बघत तो म्हणाला. "जरा कमीच पडलं हुतं तवा." काका म्हणाले, डबे मीच उघडले होते. मग शिवण्णा म्हणाला की पुजलेलं हत्यार आज उचलायचं न्हाय, उद्या या.

दुसऱ्या दिवशी दसरा. काका आपट्याची पानं घेऊन गेले. देव न मानणाऱ्या माणसाच्या खिशात ती पानं कुठून आली हे मी विचारलं नाही. सोनं देऊन झालं, गळाभेट झाली. मग शिवण्णाने चाकू उचलला, फुंकर मारून कुंकू झटकलं आणि मूठ पुढे करून तो थेट काकांच्या हातापाशी नेला. मास्तर असलं काही मानत नाहीत, तर त्यांच्या मनासारखं व्हावं, एवढाच त्याचा विचार होता.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"खाली ठेव, शिवण्णा," ते म्हणाले.

शिवण्णाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि चाकू हलकेच जमिनीवर ठेवला. काकांनी वाकून तो उचलला. वाकायला त्यांना जरा वेळ लागला, आणि उठल्यावर त्यांनी पंच्याने तोंड बराच वेळ पुसलं. त्या दिवशी फार ऊन नव्हतं.

पुढे सात वर्षं दोघं रानात फिरले, भांडले नाहीत असं नाही, पण चालत घरी कुणी गेलं नाही. शेवटच्या आजारपणात काकांनी एकदा मला जवळ बोलावलं आणि चाकू खाटेखाली फरशीवर ठेवला. "जावईबापू, उचला," म्हणाले. मी उचलला. आता दर दसऱ्याला शिवण्णा सोनं द्यायला येतो. थकलाय, जिना चढताना दोनदा थांबतो. मी चाकू त्याच्यापुढे खाली ठेवतो, तो अंगठा फिरवून धार बघतो, पानी हाय अजून, असं म्हणतो आणि परत खाली ठेवतो. मग आम्ही चहा पितो. मी त्याला म्हणत असतो की एखाद्या रविवारी जाऊ या रानात, आणि तो म्हणतो, जाऊ की. अजून गेलेलो नाही. गेल्या साली मी एकटाच त्या नारळ फोडणाऱ्या बाईच्या बांधावरून आलो, तर बोरीला नवीन नारळ होता.