घटापुढची गोळी

माझ्या धाकल्या जावेची उजवी बाजू गेली ती नवरात्रात. सायखेड्याला आमचं घर एकच, चुली दोन, आन बीपी दोघींनाबी.

त्या टायमाला नाशकातून एक डॉक्टरीनबाई गावात येत व्हत्या. बीपीवर त्यांचा अभ्यास चालला व्हता. घरोघर फिरून दंडाला पट्टा बांधायच्या आन इचारायच्या, "गोळी रोज घेता ना?" आमी बाया म्हनायचो, घेतो. आमच्या लेखी ते खोटं नव्हतं. गोळी जेवल्यावर घ्यायची. उपासाला जेवनच नाय, मंग गोळी कुठली? ही काय येगळी सांगायची गोष्ट व्हती?

जाऊ नवूच्या नवू दिस उपास धरायची, चहा-पान्यावर. सातव्या माळेला घटावर माळ चढवाया गेली आन माळ हातातून गळाली. काय तरी बोलली, मला समजंना. मला वाटलं, उपासाची चक्कर आसंल. तोंड वाकडं झालेलं बघितलं तवा कळलं. शेजाऱ्याच्या पिकअपमधी घालून नाशकाला नेली. जीव वाचला, पन उजवा हात-पाय लुळाच राह्यला.

डॉक्टरीनबाई आल्या, तिच्या खाटेजवळ लय येळ बसल्या, उपासात गोळी बंद व्हती ते त्यांना तवा कळलं. मंग परत साऱ्या गावात फिरल्या. आता इचारनं येगळं व्हतं, "उपासाला गोळीचं काय करता?" जिथं तिथं एकच उत्तर. ते त्यांनी लिवलं, आन पुढं ते इंग्रजीत छापून आलं. आमाला मराठीत सांगाया सोता आल्या.

जाऊ बोबडं बोलायची. "माझं नाव हाय का त्यात?"

"नाही मावशी. नाव कुणाचंच छापत नाहीत."

"बरं झालं. माझ्या म्हायेरच्या भावजयीला माझी गत कळून लय आनंद झाला आसता."

बाई हसल्या. मंग म्हनल्या, "पण आता उपासाला गोळी सोडू नका. पाण्याबरोबर घ्यायची. परत झटका आला तर वाचणं अवघड आहे."

त्या गेल्यावर जाऊ मला म्हनली, "अभ्यास तिचा, देवी माझी. जगले ती देवीमुळं. औंदाबी मी उपास धरनार, आन गोळी तोंडात घालनार नाय."

पुढच्या नवरात्रात घट बसले. पोरानं समजावलं, सुनंनं समजावलं. हिनं ओठ घट्ट मिटले.

माझाबी उपास लग्नापासूनचा. कदी मोडला नव्हता. मी तिच्याम्होरं घटापाशी बसले, माझी गोळी हातात घेतली आन देवीला म्हनले, "यानं मोडत आसंल तर आधी माझा मोडला. कोपायचं तर माझ्यावर कोप." आन गिळली.

जाऊ बघतच राह्यली. "अक्का, इतक्या वर्सांचा उपास घालवला तुमी."

"घालवला."

"येड लागलं तुमाला."

"लागू दे. तू आ कर."

तिनं घटाकडं बघितलं. मंग तिनं चांगल्या बाजूनं तोंड उघडलं. गोळी घातली, पानी पाजलं. निम्मं पानी वाकड्या बाजूनं गळालं, त्यासंगं गोळीबी. मी पदरानं पुसलं आन दुसरी गोळी काढली. ती मातर गेली.

त्या दिशी ती माझ्याशी एक सबुद बोलली नाय. मी तिच्याच दारात बसून शेंगा फोडल्या. दुसऱ्या दिशी सकाळी परत गोळी आन पान्याचा तांब्या घेऊन गेले, तवा ती जागीच व्हती, तोंड मिटून. मी खाली बसले.