हातभार नको, भरपाई म्हणा

माझं काम ऐकलं की लोक आधी हसतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमुळं अपघात झाला आणि मालकाला भरपाई द्यावी लागली, तर पुढच्या हंगामात तो मालक सुधारतो का, हे मी गावोगाव विचारत फिरते. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे. अभ्यास पुण्याच्या एका संस्थेचा. तिथं पंख्याखाली आमचे सर, आणि इथं उन्हात मी, आम्रपाली. "त्यात काय शोधायचं, ताई? पैसं गेलं की अक्कल येती," असं रहिमतपूरच्या स्टँडवर एका चहावाल्यानं मला फुकटात सांगून टाकलं. मलाही तसंच वाटायचं.

पण गाडी पहिल्याच प्रश्नावर अडली. "भरपाई दिली का?" म्हटलं की ट्रॅक्टरमालक उसळायचा. "भरपाई? आमी काय गुन्हा केलाय व्हय?" आणि लगेच छाती फुगवून, "दिवसकार्याला हातभार लावला की! धान्य पोचवलं, रोख दिली. माणुसकी हाय आमच्यात." सर फोनवर म्हणायचे, मग 'भरपाई नाही' असं लिही. माझं डोकं तापायचं. अहो, खिशातून पैसा गेलाय, तो काय वाऱ्यावर गेला? पण खरी गंमत पुढंच होती. हातभार लावणाऱ्या एकानंही नंतर ट्रॉलीच्या मागं लाल बत्ती बसवली नव्हती. का बसवेल? भरपाई चुकीपोटी असते आणि हातभार पुण्याईपोटी. दानधर्म करणाऱ्याला कोण विचारणार, की बाबा रे, तुझ्या ट्रॉलीला बत्ती का नाही?

हे मला कोड्यासारखं छळत होतं, तेव्हा जत तालुक्यात येसूबाई भेटली.

धनगराची बाई. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र माळावरून हाक मारायची सवय असलेला. दरसाल दिवाळीनंतर ती आणि तिचा नवरा मल्हार मेंढरं घेऊन कोरेगावकडं चरायला जायचे. तिकडचे शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. रहिमतपूरजवळच्या दादासोंच्या रानात तर यांची मेंढरं कैक वर्षं बसत होती. दादासोंच्या लेकीच्या लग्नात मल्हारनं ढोल वाजवला होता, इतका घरोबा.

त्याच दादासोंची उसानं भरलेली ट्रॉली दिवेलागणीला रस्त्यात पंक्चर होऊन उभी राहिली. मागं बत्ती नाही, चमकणारी पट्टी नाही, साधी झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नाही. मल्हार बाजारातून कोकरांचं औषध घेऊन मोटारसायकलवर येत होता. त्याला ती ट्रॉली दिसलीच नाही. तो जागीच गेला.

दादासोंनी हातभार लावला. ते तेराव्याला स्वतः आले, रडलेही. रडणं खोटं नव्हतं, हे येसूबाईच सांगते. "पर मी ते पैसं परत केलं," ती म्हणाली. "म्हनलं, दादासो, हातभार नगं. भरपाई म्हना, मग घेती."

"आणि मग?"

"मग काय! समद्या गावानं मला येड्यात काढलं."

तिनं सांगलीच्या कोर्टात दावा घातला. ट्रॉलीचा विमा नव्हता, म्हणजे जे काही बसेल ते थेट दादासोंच्या अंगावर येणार होतं. तिचा दीर यल्लाप्पा घरात धुमसत असायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यासमोरच त्यानं तोंड सोडलं. "आवं ताई, तुमीच सांगा हिला. पैसं तेच, नोटा त्याच. शबुद काय भाकरीसंगं खायाचा हाय का? दादासो बिथरला तर उद्या आमची मेंढरं कुनाच्या रानात बसायची?" त्याचंही खोटं नव्हतं. त्या पट्ट्यात एका मालकानं दार लावलं की बाकीचे खिडक्याही लावतात.

येसूबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "भावजी, रान दुसरं मिळंल," एवढंच बोलली.

प्रकरण लोकअदालतीत आलं. म्हणजे तडजोड झाली तर त्याच दिवशी मिटणार. मीही गेले. सरांनी बजावलं होतं, "तू फक्त बघायचं, बोलायचं नाही." मला गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. पण बसले, जीभ दाताखाली धरून.

दादासोंनी देऊ केलेली रक्कम चांगली होती. कोर्टानं कदाचित तेवढी दिलीही नसती, असं येसूबाईचाच वकील कुजबुजला. पॅनलवरच्या मॅडमनी तडजोडीचा कागद मोठ्यानं वाचला. 'कोणतीही जबाबदारी मान्य न करता, केवळ माणुसकीच्या नात्याने हातभार म्हणून...'

"थांबा बाई," येसूबाई म्हणाली. "त्यो हातभार काढा."

दादासोंचा वकील हसला. दादासो मात्र हसले नाहीत. पांढऱ्या टोपीचा, जुन्या वळणाचा माणूस. ते कळवळून म्हणाले, "येसू, तू मला बहिनीवानी. लिवून दिलं माझी चूक, तर मल्हार माघारी येनार हाय का?"

"न्हाई येनार."

"मग कशाला आडून बसलीस?"

येसूबाईनं पदर सावरला आणि सरळ त्यांच्याकडं बघितलं. "एकच इचारती, दादासो. आमचं मालक गेल्याव दुसरा हंगाम हाय ह्यो. ट्रॉलीला बत्ती लावली का?"

दादासोंनी टोपी काढली, परत घातली. वकिलाकडं बघितलं. वकील कागदात बघायला लागला. मला उत्तर माहीत होतं. आठच दिवसांपूर्वी मी ती ट्रॉली बघून आले होते. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मी बसून राहिले.

"राहिलं गं," दादासो अखेर म्हणाले. "हंगामाच्या गडबडीत राहिलं."

"राहिलं!" येसूबाईचा आवाज चढला. "माझा मानूस गेला, तुमी माझ्या दारात रडला, आन् बत्ती राहिली? हातभार लावला की तुमी मोकळं! देवमानूस! भरपाई बसंल तवा तुमाला रोज सांजच्याला ट्रॉलीची याद हुईल. मेंढरं तिकडं असली की माझी लेक सोनिया त्याच रस्त्यानं दूध घालाय जाती, दादासो."

मॅडमनी दोन्ही वकिलांना विचारलं, शब्द बदलता येईल का. दादासोंचा वकील म्हणाला, जबाबदारी मान्य करणार नाही. येसूबाई म्हणाली, मग दावा चालू द्या. यल्लाप्पानं कपाळावर हात मारला आणि तरातरा बाहेर निघून गेला. हातातोंडाशी आलेला घास तिनं सगळ्यांदेखत परत केला.

त्या हंगामात तिची मेंढरं दादासोंच्या रानात बसली नाहीत. आसपासच्या कुणाच्याच नाहीत. तिला पार पाटणच्या अंगाला जावं लागलं, अनोळखी माणसांत. तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला ती हजर, मिळेल त्या एसटीनं. एकदा मी विचारलं, "मावशी, कंटाळा नाही येत?" तर म्हणाली, "लय येतो. पर बत्ती लावायचा कटाळा त्यांनी केला, आता मी करून कसं चालंल?"

निकाल लागला. जबाबदारी ट्रॉलीच्या मालकाची, असं कोर्टानं स्पष्ट लिहिलं. पण मोटारसायकल जोरात होती म्हणून थोडी चूक मल्हारचीही धरली आणि रक्कम कमी केली. लोकअदालतीत मिळत होती त्याहून कमी. मी संतापले. येसूबाईनं वकिलाकडून निकालातलं ते वाक्य दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "कमी का असंना. नाव तर बरुबर लिवलं."

पुढच्या हंगामात मी दादासोंच्या गावात पुन्हा गेले. ऊस सुरू झाला होता. संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याला उभी राहिले आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. एकामागून एक ट्रॉल्या चालल्या होत्या आणि बहुतेकींच्या मागं लाल बत्ती. बत्ती नाही तिथं चमकपट्टी. दादासोंच्या ट्रॉलीला दोन्ही. दोघा हुशारांनी बत्तीऐवजी ट्रॅक्टरच बायकोच्या नावावर करून टाकला होता, म्हणजे भरपाई बसलीच तर बायकोवर बसू दे! असली माणसंही अभ्यासात धरावीच लागतात. बाकीच्यांतल्या एकाला मी थांबवून विचारलं, बत्ती का लावली? तो माझ्याकडं खुळी असल्यासारखा बघत राहिला. "आवं, दादासोला भरपाई बसली न्हवं! आमाला काय हौस हाय का?"

दोन वर्षं फिरत होते. त्या पट्ट्यातल्या मालकाच्या तोंडून तो शब्द आपणहून निघालेला मी पहिल्यांदा ऐकला. सरांना नंतर कळवलं. आधी येसूबाईला फोन लावला. ती माळावर होती, मागं मेंढरं ओरडत होती.

"मावशी, बत्त्या लागल्या! सगळ्या गावात! दादासोंच्या ट्रॉलीलासुद्धा!"

मला वाटलं, ती खूश होईल.

"एका हंगामात लागल्या व्हय?" ती म्हणाली. "म्हंजी लय अवघड न्हवतं तर."

"नाही मावशी. अवघड काहीच नव्हतं."

"मग आदी का न्हाई लावली गं?"

कोर्टात, दिरापुढं, गावापुढं ज्या बाईच्या डोळ्यांत मी एकदाही पाणी बघितलं नव्हतं, ती फोनवर हंबरडा फोडून रडायला लागली. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मलाही रडू आवरेना, आणि ट्रॉल्या जात राहिल्या.