निळं लुगडं

आमची मार्थावहिनी गेली, त्याला महिना झाला. शेवटच्या दुपारी ती सारखा एकच शब्द म्हणत होती, "निळ्ळ... निळ्ळ..." अर्धांगवायूनं जीभ जड झालेली, मराठी तर पहिल्याच दिवशी तिला सोडून गेली होती. मी म्हटलं, "दादा, अरे तिला ते निळं लुगडं हवंय!" माझ्या भावानं लढाईच्या महागाईत कुठून कुठून मिळवून तिला नाताळाला आणलेलं, "एवढं भारी कशाला" म्हणत तिनं पेटीत ठेवून दिलेलं. ते काढून अंगावर घातलं. तरी तिचं आपलं चालूच... दिवे लागायच्या वेळी ती गेली. त्याच लुगड्यात तिला माती दिली. मग भेटायला येईल त्याला मी सांगत सुटले, बघा, शेवटी तिला नवऱ्याचंच लुगडं आठवलं. दादाला तेवढाच आधार वाटायचा.

वहिनी वडारांची. दगड फोडत इकडं आलेले आईबाप तापानं गेले, आणि पोर मिशनच्या बोर्डिंगात वाढली. घरची तेलुगू, बोर्डिंगातली मराठी, बाजारातली हिंदुस्तानी, मडमेची इंग्रजी, सगळं तिच्या जिभेवर. राहुरीच्या दवाखान्यात डॉक्टरीण मडमेचं बोलणं बायकांना आणि बायकांचं मडमेला सांगायचं, हेच तिचं काम. एकदा मडमेनं एकीला आपल्या मराठीत विचारलं, "पोटाट डुकटं?" बाई ताडकन उठली. "डुकर कुनाला म्हंती गं ही?" वहिनीची हसून हसून पुरेवाट. तिला खाली बसवत म्हणाली, "आवं मावशे, त्यांच्या जिभंला 'त' न्हाई का 'द' न्हाई. पोट दुकतं का, इचारत्यात."

घरी मी विचारायचे, सगळ्यात भरभर बोलायची भाषा कोणती गं? "वन्सं, जी कळत न्हाई ती भरभर वाटती," ती म्हणायची. "मडम शब्दाची शेपटी गिळती, तुमी शब्द दाबून बंद करता, आन आमी उगडाच ठिवतो." मग भाकरी थापता थापता तेलुगू बोलून दाखवायची. मी दुष्टासारखी हसायचे, "डब्यात खडे वाजवल्यासारखं!" ती कधी रागावली नाही. "शिकवू का?" एवढंच विचारायची. मला मेलीला काय गरज पडली होती ते शिकायची!

परवा वडारांची पालं पुन्हा गावाबाहेर पडली. वहिनीला लेक मानणारी म्हातारी यल्लम्मा भेटायला आली. मी तिलाही लुगड्याची गोष्ट सांगितली. तिनं मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. आणखी एकदा. मग डोळ्याला पदर लावला.

"नीळ्ळु म्हनली आसंल. आवं बाई, पानी मागत हुती की ती..."

दादा उठून बाहेर निघून गेला. साऱ्या तालुक्याचं दुखणंखुपणं तिनं दुसऱ्याला समजावलं, आणि आम्ही घरची माणसं उशाशी बसून तिला तहानलेलं ठेवलं. देवा, हे कसं विसरू?

आणि पाणी नव्हतं असंही नाही. तिपाईवर भरलेला तांब्या होता. लुगडं नीट पसरता यावं म्हणून मीच तो उचलून खिडकीत ठेवला. तिची नजर त्याच्यामागोमाग खिडकीकडं गेली. मला वाटलं, तिला बाहेर बघायचंय... म्हणून मी तांब्या खाली ठेवला आणि खिडकी सताड उघडली.