बंदरावरचे पाणी आणि भाऊंचे खत

भाऊंची आणि माझी पहिली भेट गटाराच्या काठावर झाली. भाऊंच्या साठीच्या गौरवग्रंथात हे लिहिणे शोभत नाही, पण झाली ती तिथेच. आमच्या बंदरगावच्या म्युनिसिपालटीत मी मुकादम म्हणून रुजू झालो तो दिवस. आरोग्य निरीक्षक श्री. वासुदेवराव कुबल, म्हणजे आपले भाऊ, धोतर खोचून सांडपाणी बाटलीत भरून घेत होते. मला म्हणाले, "ह्यात नत्र आहे, स्फुरद आहे. हे आपण रोज समुद्राला वाढतो आणि मग खताच्या गोणीसाठी बोटीची वाट बघत बसतो." मला वाटले, साहेबांचे डोके ठिकाणावर नाही.

भाऊंनी बंदराच्या एका अंगाला तीन खड्डे खणून घेतले. बाजारातले सांडपाणी आणि बायकांनी मासळी धुतलेले पाणी चराने तिथे येऊन निवळायचे. खालचा गाळ सुका पातेरा, म्हणजे झाडांखालचा पालापाचोळा, आणि चुलीतली राख यांच्या थरांत कुजवला की खत तयार. लोक नाके मुरडत. भाऊंनी त्याच खतावर तांबडी भाजी लावली आणि वर्षभर घरी नेऊन खाल्ली. वहिनींनी काय सोसले असेल ते त्याच जाणोत! पण हळूहळू लोक टोपल्या घेऊन येऊ लागले.

भाऊंचा एक नियम कडक होता. धक्क्यावर मासळी खारवायला घेतली की चरातली फळी फिरवायची आणि पाणी समुद्राकडे सोडायचे, कारण मिठाने पीक जळते. ही फळी माझ्या ताब्यात होती.

एकदा किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याला बांगडा असा लागला की गिऱ्हाईक पुरेना. बायकांनी तो धक्क्यावरच खारवायला घेतला. मीही टोपलीभर बांगडे घेऊन खुशीत घरी गेलो. फळी फिरवायची तशीच राहिली आणि मिठाचे पाणी खड्ड्यांत गेले. हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

त्या खाऱ्या गाळाचे खत रखमाबाईंच्या मिरचीला गेले. नवऱ्यामागे दोन मुली वाढवणाऱ्या ह्या बाईंचा सारा आधार तो एक वाफा होता. पंधरवड्यात रोपे करपली. त्या कचेरीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमच्या खतान माझी मिरची खाल्ली. आता मी चेडवांका काय घालू?" मागे गर्दी होती. खड्डे बुजवा, असा ओरडा सुरू झाला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. "चूक माझी आसा, बाय," ते म्हणाले, "खत मी दिलंय."

पुढचे आठ दिवस त्यांनी विहिरीचे गोडे पाणी घालून तो वाफा धुतला आणि स्वतःच्या परसातली रोपे तिथे नेऊन लावली. मी त्यांच्याबरोबर घागरी वाहत होतो. मिरची धरली, खड्डे वाचले, पण भाऊंची बढती त्या वर्षी हुकली.

शेवटी मला राहवेना. म्हटले, "भाऊ, फळी मी विसरलो होतो."

"माका म्हायत आसा. त्या दिवशी तुझ्या घरच्या बांगड्यांचो वास कचेरीपर्यंत इल्लो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगलं असतं तर तुका काढलो असतो. दुसरो मुकादम माका खंय गावतलो?"

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्याची लाजही वाटत राहिली. आज खड्ड्यांची संख्या वाढली आहे, आरोंद्याकडचे बागायतदारही खताला येतात, तरी धक्क्यावरच्या म्हाताऱ्या भाऊंना त्या मिरचीवरून अजून टोमणा मारतात आणि भाऊ हसून ऐकून घेतात.

रखमाबाई, धाकटी मुलगी हे तुम्हाला वाचून दाखवील. तुमची मिरची मी जाळली. भाऊंनी नव्हे.

भाऊ आता साठ वर्षांचे झाले. पुढची उदंड वर्षे त्यांना निरोगी लाभोत, आणि इथून पुढचे टोमणे मला मिळोत.