सातव्या देवाचं कुंकू

इकडे परदेशात, हेन्डरसनच्या आमच्या घरात देवघर गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात आहे. देवांची तोंडं पूर्वेला येतील अशी तेवढीच जागा निघाली. फोनवरच्या होकायंत्राने मी ती दोनदा तपासली. देव सहा. रोज अंघोळ झाली की मी चष्मा न लावता सहाही जणांना कुंकू लावतो. पूजेला चार मिनिटं लागतात.

त्या कपाटात कपडे चांगले वाळतात. मातीही वाळते. म्हणून अकरा वर्षांच्या मुलीने शाळेसाठी मातीचा केलेला इजिप्तचा देव अनुबिस एका संध्याकाळी तिथेच ठेवला. उंची चौदा सेंटिमीटर, अंग माणसाचं, डोकं कोल्ह्याचं. दोन आठवडे ती त्यावर खपत होती. दहा चिन्हं, दहा गुण. रंग हेही एक चिन्ह. काळा म्हणजे नाईलचा गाळ, त्यातून पुन्हा उगवणं. लाल म्हणजे वाळवंट आणि अनागोंदी. तो दुसऱ्याच एका भांडखोर देवाचा. हे तिने मला जेवताना सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

दुसऱ्या सकाळी पूजेनंतर ती कपाटापाशी ओरडली, "बाबा! व्हाय इज ही रेड?"

अनुबिसच्या कपाळावर कुंकू होतं.

बायको बघायला आली. "सहा देव आहेत आपल्याकडे. सातव्याला लावताना कळलं नाही?"

"चष्मा नव्हता."

"एवढे उभे कान हाताला लागले नाहीत?"

"लागले. पण शेजारी गणपती आहे. कानांचं विशेष वाटलं नाही."

ओला कापूस फिरवला तर कुंकू पसरलं आणि काळा रंगही निघाला. "डोन्ट टच हिम," मुलगी म्हणाली, आणि गाडीत शाळेपर्यंत त्याचा खोका मांडीवर धरून बसली.

दहापैकी नऊ मिळाले. रंगाचा गुण गेला. शाळेला कळवावं, असं बायकोचं म्हणणं. पण गुण कापला तो बरोबर कापला होता. मुलीला तसं सांगितलं : चूक माझी, गुण तुझा गेला.

"आय नो."

अनुबिस तिने स्वतःच परत कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी चष्मा लावून पूजा केली. सहा झाले, डबी मिटली. दारात ती टूथब्रश तोंडात धरून उभी.

"बाबा, यू मिस्ड वन."

"त्याला लाल चालत नाही."

"ही'ज ऑलरेडी लॉस्ट द मार्क."

हे खरं होतं. आता पूजेला चार मिनिटं चाळीस सेकंद लागतात.